भोवरा, बेगोमा आणि बेब्लेड : मुंबईच्या बालक्रीडा-परिभाषेतील एक स्थित्यंतर

बालकांच्या खेळांची परिभाषा हा भाषेच्या अभ्यासकांकडून बहुधा उपेक्षिला गेलेला प्रांत होय. शेतीची, सुतारकामाची, होड्या-गलबतांची शब्दावली संकलित करण्याचे प्रयत्न थोडेफार झाले. परंतु मुले अंगणात जे शब्द उच्चारतात त्यांना अभ्यासविषय म्हणून फारशी प्रतिष्ठा लाभली नाही. याचे एक कारण उघड आहे. हे शब्द बोलणारे काही वर्षांतच मोठे होतात आणि शब्द अंगणातच टाकून निघून जातात. कोणत्याही धंद्याची बोली इतक्या वेगाने आपले भाषक बदलत नाही. असे असूनही ही परिभाषा पिढ्यान्‌पिढ्या टिकते, आणि तीही वडीलधाऱ्यांच्या शिकवणुकीवाचून. दहा वर्षांचा मुलगा ती सात वर्षांच्या मुलास देतो एवढाच तिचा परंपराक्रम. साहजिकच एखाद्या खेळाचे साधन बदलले म्हणजे या परिभाषेचे नेमके काय होते, हा प्रश्न भाषाशास्त्राच्या दृष्टीने सामान्य नाही.

असा एक प्रसंग दक्षिण व मध्य मुंबईत अलीकडे घडून गेला. इ. स. २००० नंतरच्या दशकात ‘बेब्लेड’ ही भोवऱ्यांच्या झुंजींवरील जपानी सचेतन चित्रमालिका कार्टून नेटवर्क या वाहिनीवरून भारतात दाखविली जाऊ लागली. मालिकेपाठोपाठ खेळणे आले, आणि खेळण्यापाठोपाठ त्याची रस्त्यावर मिळणारी स्वस्त नक्कल आली. गिरगावातील वाड्या, लालबाग-परळच्या चाळी, दादरच्या इमारतींचे जिने येथे प्लास्टिकचे व धातूचे भोवरे एकमेकांवर आदळू लागले. ज्या वस्तीत भोवरा हा शब्द आणि भोवरा ही वस्तू दोन्ही घरचीच होती, त्या वस्तीत भोवरा एका परक्या नावाने, परक्या भाषेतून, जणू प्रथमच अवतरला. या गोष्टीकडे पाहून हळहळणारे पुष्कळ भेटतात. प्रस्तुत विवेचनाचा हेतू हळहळण्याचा नसून, कोणते शब्द गेले, कोणते राहिले आणि का, हे पाहण्याचा आहे.

प्रथम ‘भोवरा’ या शब्दाचा विचार करू. संस्कृत ‘भ्रमर’, प्राकृत ‘भमर’ आणि मराठी ‘भोवरा’ असा त्याचा प्रवास आहे. दोन स्वरांमध्ये सापडलेल्या मकाराचा सानुनासिक वकार होणे ही मराठीच्या जडणघडणीतील एक सुपरिचित घटना होय. ‘ग्राम’पासून ‘गांव’, ‘नाम’पासून ‘नांव’ ही तिचीच उदाहरणे. म्हणून जुन्या ग्रंथांत व कोशांत हा शब्द ‘भोंवरा’ असा अनुस्वारयुक्त लिहिलेला आढळतो. तो अनुस्वार म्हणजे लुप्त झालेल्या मकाराची एकमेव खूण होती. उच्चारातून ती पुष्कळ आधीच नाहीशी झाली होती, इ. स. १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गाळल्यावर लेखनातूनही ती गेली. ‘गाव’, ‘नाव’ आणि ‘भोवरा’ या तिघांनी आपल्या माथ्यावरचा ठिपका एकाच वेळी उतरविला, असे म्हणावयास हरकत नाही. गिरगावच्या भुलेश्वराकडील टोकाला, जेथे मराठी व गुजराती घरे शेजारी-शेजारी नांदतात, तेथे मात्र मकार शाबूत ऐकू येतो, कारण गुजरातीत भोवऱ्यास ‘भमरडो’ म्हणतात. छत्तीसगढीत खेळण्यातला भोवरा ‘भौंरा’ या नावाने ओळखला जातो; पण प्रमाण हिंदीत ‘भौंरा’ म्हणजे भुंगा आणि खेळणे म्हणजे ‘लट्टू’. एकाच मूळ शब्दातून निघालेल्या रूपांनी प्रत्येक प्रदेशात आपापले काम वाटून घेतले आहे.

मराठीत हे काम बरेच विस्तृत झाले. पाण्यातला भोवरा, डोक्यावरील केसांचा भोवरा, घोड्याच्या अंगावरील शुभाशुभ भोवरे आणि मुलाच्या हातातील भोवरा, एवढे अर्थ या एका शब्दाने पेलले. (डोक्यावर दोन भोवरे असलेल्या मुलाची दोन लग्ने होतात ही समजूत आजही अनेक घरांत हसत-हसत सांगितली जाते.) कीटकाचा अर्थ मात्र मराठीने ‘भुंगा’ या शब्दाकडे सोपविला. मूळ धातूचा अर्थ धातुपाठात अनवस्थान, म्हणजे एका ठिकाणी न ठरणे, असा दिलेला आहे. येथे एक गंमत दिसते. मुलांच्या दृष्टीने उत्तम भोवरा तोच, जो जागचा हलत नाही, इतका की तो फिरतो आहे की उभा आहे याचा भ्रम पडावा. शब्द सांगतो एक आणि खेळातील कसब असते नेमके त्याच्या उलट.

भोवऱ्याच्या सोबतीस असणारे दुसरे क्रियापद म्हणजे ‘घुमणे’. हिंदीत ‘घूमना’ म्हणजे फिरणे. मराठीत ‘घुमणे’ म्हणजे नाद करणे, निनादणे. देवळाचा गाभारा घुमतो, पारवा घुमतो, अंगात आलेला माणूसही घुमतो. भोवरा ही अशी वस्तू आहे की ती दोन्ही अर्थांनी घुमते, आणि ज्या भ्रमरावरून तिला नाव मिळाले तोही फिरता-फिरताच गुंजारव करतो. गती आणि नाद यांचे हे साहचर्य या शब्दसमूहाच्या मुळाशीच असावे, असे मानण्यास जागा आहे.

आता खेळाच्या प्रत्यक्ष परिभाषेकडे वळावयाचे. लाकडी भोवऱ्याच्या टोकाशी बसविलेला लोखंडी खिळा म्हणजे ‘आर’ किंवा ‘आरी’. हा शब्द खेळापुरता नाही. बैलास टोचण्याच्या पराणीच्या टोकासही आर म्हणतात, आणि चांभाराचे कातडे भोसकण्याचे हत्यार म्हणजे आरी. संस्कृतात ‘आरा’ शब्दाचा हाच अर्थ आहे. भोवऱ्याभोवती गुंडाळावयाच्या दोरीस ‘जाळी’ म्हणतात. ‘जाळी’ या शब्दाचे खिडकीची जाळी, करवंदीची जाळी हे अर्थ सर्वांस ठाऊक असतात. हा अर्थ मात्र ज्याने भोवरा खेळला आहे त्यालाच ठाऊक असतो. जाळीचे एक टोक आरीपाशी दाबून, वेढ्यास वेढा लागून बसेल अशी ती वर चढवीत न्यावयाची, दुसरे टोक बोटात अडकवावयाचे, आणि भोवरा फेकताच हात मागे खेचावयाचा. हे सांगण्यास एक वाक्य लागते, साधण्यास एक उन्हाळा.

या कलेचा कळस म्हणजे ‘हातजाळी’. भोवरा जमिनीस लागू न देता, हवेतल्या हवेत जाळी खेचून, फिरता भोवरा थेट तळहातावर झेलणे असा तिचा अर्थ. या शब्दाची घडण लक्ष देण्याजोगी आहे. ‘जाळी’ हे वस्तूचे नाव. पण ‘हातजाळी’ ही वस्तू नव्हे, कृती होय. साधनाच्या नावास ‘हात’ जोडल्याबरोबर ते कृतीचे नाव बनले. मराठीत ‘हात’ पूर्वपदी असलेले समास पुष्कळ आहेत: हातमाग, हातगाडी, हातपंप, हातरुमाल. परंतु ते बहुतेक सर्व वस्तुवाचक आहेत. ‘हातजाळी’ त्यांच्यात वेगळी उठून दिसते, आणि ती घडविणाऱ्यांचे सरासरी वय दहा वर्षांहून अधिक नसावे हे ध्यानात घेतले म्हणजे मुलांच्या शब्दनिर्मितीविषयी आदर वाटू लागतो.

झुंजीचा डाव असा. जमिनीवर रिंगण आखावयाचे. ज्याचा भोवरा नीट फिरला नाही त्याचा भोवरा रिंगणात ठेवावयाचा. इतरांनी आपापले भोवरे त्यावर मारावयाचे. आरीचे घाव बसून रिंगणातील भोवऱ्यास खळगे पडत, टवके उडत, आणि एखादा उभा चिरलाही जाई. म्हणजे या खेळात पणास लागे तो भोवराच. हरलेल्या मुलाच्या खिशात घरी जाताना जखमी भोवरा असे, आणि त्या जखमा मोजता येत. सावंतवाडीच्या चितारआळीसारख्या ठिकाणी लाखेच्या रंगाने चमकणारी लाकडी खेळणी होत. कोकणातून परळ-लालबागेत आलेल्या कुटुंबांना अशा खेळण्यांची ओळख गावाकडची होती. पण झुंजीच्या भोवऱ्यावर रंग फार दिवस टिकत नसे.

या पार्श्वभूमीवर जपानी मालिकेचे मूळ पाहिले म्हणजे परकेपणा बराचसा विरघळतो. जपानीत भोवऱ्यास ‘कोमा’ म्हणतात. ‘बाई’ नावाच्या एका समुद्री गोगलगायीच्या शंखात वाळू भरून, त्याचे तोंड मेणाने बंद करून, दोरीने फिरविण्याचा भोवरा तेथील मुले बनवीत. त्याचे नाव ‘बाई’ अधिक ‘कोमा’, म्हणजे ‘बाइगोमा’. समासात उत्तरपदाच्या आरंभीच्या कठोर व्यंजनाचे मृदू व्यंजन होणे हा जपानीचा नियम आहे. ‘वाक्’ आणि ‘ईश’ मिळून ‘वागीश’ होताना कठोराचे मृदू होते ते ज्यांना परिचित आहे त्यांना ‘कोमा’चा ‘गोमा’ झालेला पाहून नवल वाटणार नाही, जरी दोन्ही नियमांची कारणे वेगळी आहेत. पुढे तोक्योकडील बोलीत ‘आइ’ या स्वरयुग्माचा दीर्घ एकार होण्याची जी प्रवृत्ती आहे तिच्यामुळे ‘बाइगोमा’चा ‘बेगोमा’ झाला. (जपानी ‘बाई’ आणि मराठी ‘बाई’ यांचा संबंध नाही हे सांगण्याची वास्तविक गरज नसावी, पण ध्वनिसाम्यावरून व्युत्पत्ती लावण्याची आवड आपल्याकडे इतकी आहे की सांगून ठेवलेले बरे.)

विसाव्या शतकात शंखाची जागा धातूने घेतली. आधी शिसे, मग ओतीव लोखंड. तोक्योशेजारील कावागुची हे ओतकामाचे गाव या भोवऱ्यांसाठी प्रसिद्ध झाले. पिंपावर किंवा बादलीवर जाड कापड ताणून त्याचा खोलगट आखाडा करावयाचा, दोघांनी एकदम आपले भोवरे त्यात सोडावयाचे, आणि ज्याचा भोवरा बाहेर फेकला जाईल वा आधी थांबेल तो हरला. खऱ्या डावात हरलेल्याचा भोवरा जिंकणाऱ्याचा होई. या लोखंडी भोवऱ्याच्या तळाशी अजूनही शंखासारखे वळसे ओतलेले असतात. लोखंडाला त्या वळशांची तशी निकड नव्हती. वस्तूच्या अंगावर राहिलेली ती जुन्या जन्माची खूण होय. ‘भोंवरा’ शब्दावरील अनुस्वार आणि बेगोम्याच्या तळाचे वळसे या दोन्ही एकाच जातीच्या गोष्टी आहेत. फरक एवढाच की जपानी ओतकाऱ्याने आपली खूण ठेवली आणि मराठी लेखनाने आपली पुसली.

इ. स. १९९९ मध्ये ताकारा या खेळणी-कंपनीने बेगोम्याचे नवे रूप बाजारात आणले आणि त्यास ‘बेगोमा’तील ‘बे’ व इंग्रजी ‘ब्लेड’ मिळून ‘बेब्लेड’ हे नाव दिले. त्याच वर्षी ताकाओ आओकी यांची चित्रकथा ‘कोरोकोरो कॉमिक’ या मासिकात सुरू झाली, आणि तिच्यावरून ‘बाकुतेन शूट बेब्लेड’ ही एक्कावन्न भागांची मालिका ८ जानेवारी २००१ पासून तोक्योच्या दूरचित्रवाणीवर दिसू लागली. खेळणे, चित्रकथा आणि मालिका या तिन्ही गोष्टी एकमेकींची जाहिरात होत्या. तथापि जाहिरात म्हणून मालिकेची वासलात लावणे योग्य होणार नाही. तिच्यातील चार मुख्य भोवऱ्यांच्या ठायी वसणारे प्राणी म्हणजे निळा नाग-व्याल, तांबडा पक्षी, पांढरा वाघ आणि काळे कासव हे पूर्व आशियातील चार दिशांचे प्राचीन रक्षक आहेत. अष्टदिक्पालांची कल्पना परिचित असलेल्या मराठी वाचकास हा दिग्देवतांचा संकेत उमगण्यास अडचण पडू नये. लालबागच्या मुलापर्यंत मात्र तो पोचला नाही, कारण मध्ये दोन भाषांतरे आडवी आली.

मालिका भारतात आली ती कॅनडातील नेलव्हाना या संस्थेने सिद्ध केलेल्या इंग्रजी रूपावरून. त्या रूपात ताकाओ किनोमिया हा नायक टायसन झाला, रेई हा रे झाला. भोवऱ्यांची नावे ड्रॅगून, ड्रॅन्झर, ड्रायगर, ड्रॅसिएल ही तेवढी जवळजवळ तशीच राहिली. या इंग्रजीवरून हिंदी झाले, आणि मराठी घरांतील मुलांनी मालिका पाहिली ती या हिंदीतून किंवा इंग्रजीतून. म्हणजे जपानी, इंग्रजी, हिंदी आणि मग मराठी मुलाचा कान, असा हा द्राविडी प्राणायाम आहे. यातील महत्त्वाची गोष्ट अशी की, मराठी हा टप्पा कोणी मुद्दाम घडविला नाही. तो मुलांनी स्वतःच घडविला, आणि म्हणूनच तो अभ्यसनीय आहे.

‘बेब्लेड’ हा शब्द मराठी वाक्यात येताच त्यास लिंग घ्यावे लागते. मराठी नामास त्यावाचून गत्यंतर नाही. इंग्रजी शब्दांस लिंग देताना मराठी भाषक बहुधा जवळच्या मराठी शब्दाकडे पाहतो. ‘बस’ स्त्रीलिंगी झाली ती गाडीमुळे, ‘बॉल’ पुल्लिंगी झाला तो चेंडूमुळे, ‘ब्लेड’ नपुंसकलिंगी झाले ते पात्यामुळे. आता ‘बेब्लेड’पुढे दोन वाटा उघड्या असतात. शब्दाच्या रूपाकडे पाहिले तर ‘ब्लेड’ समोर असल्यामुळे ‘माझं बेब्लेड’. वस्तूच्या स्वरूपाकडे पाहिले तर मनात भोवरा असल्यामुळे ‘माझा बेब्लेड’. एखादे मूल यांपैकी कोणते रूप वापरते यावरून त्याच्या मनात भोवरा हजर होता की नाही याचा अदमास बांधता येतो. प्रश्नावली घेऊन विचारता येणार नाही अशी गोष्ट एक प्रत्यय सांगून जातो. त्या काळी शाळेत असलेली मुले आज तिशीच्या आसपास आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यास हे काम हाती घेण्यास अजून उशीर झालेला नाही.

दुसरी गोष्ट आरोळीची. मालिकेतील खेळाडू उलटे आकडे मोजून ‘लेट इट रिप’ असे ओरडतात. जपानी मुळातील आरोळीही ‘गो शूट’ अशी, म्हणजे जपानी मुलांनाही परकीच होती. ‘लेट इट रिप’चा शब्दशः अर्थ सांगण्याची वेळ कोणावर आलीच असती तर थोडी पंचाईत झाली असती, पण तशी वेळ येत नाही. खेळातील आरोळी ही वाक्य नसते, ती खूण असते. तिचे घटक सुटे करून कोणी पाहत नाही.

या बाबतीत मराठी बालक्रीडांचा पूर्वेतिहास फार उद्बोधक आहे. विटीदांडूच्या खेळात मोजणी एक, दोन, तीन अशी न होता ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ अशी होते. हे शब्द तेलुगूच्या ‘ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु’ यांच्याशी इतके जुळतात की संशयास जागा उरत नाही. त्यातही ‘मूंड’मधील अनुनासिक पाहावा. आजच्या तेलुगूत तो ऐकू येत नाही. परंतु तेलुगूच्या जुन्या लेखनपद्धतीत त्या शब्दावर अर्धानुस्वार देत असत. तेलुगूने सोडलेला नाद मराठी मुलांनी विटीच्या तोंडाशी सांभाळून ठेवला, आणि आपण कोणत्या भाषेतील आकडे मोजतो आहोत याची त्यांना वार्ताही नव्हती. ‘डबा ऐसपैस’ या खेळाच्या नावातील ‘ऐसपैस’ हे इंग्रजी ‘आय स्पाय’चे रूप असल्याचे सामान्यतः मानले जाते, तेथे परका ध्वनी मराठीतील एका आयत्या शब्दाच्या साच्यात जाऊन बसला. म्हणजे अंगणाची मराठी कधीच सोवळी नव्हती. अर्थ न कळता शब्द उचलणे हाच तिचा जुना परिपाठ होय, आणि ‘लेट इट रिप’ हा त्या परिपाठातील एक नवा नमुना एवढेच.

मग वेगळे काय घडले? ‘वकट, लेंड’ आले तेव्हा विटी विटीच राहिली आणि दांडू दांडूच. कोलण्याची, झेलण्याची, टोला मारण्याची क्रियापदेही मराठीच राहिली. परके आले ते केवळ आकडे. बेब्लेडच्या बाबतीत साधनाचा एकेक अवयव आपले नाव घेऊन आला. ‘लाँचर’, ‘रिपकॉर्ड’, ‘स्टेडियम’, ‘अॅटॅक रिंग’ ही नावे खोक्यावर छापलेलीच होती. लाकडी भोवऱ्याच्या अवयवांना नावे देण्याचे काम मुलांकडे किंवा सुताराकडे होते; येथे ते कंपनीकडे गेले. जुनी परिभाषा कृतींची होती, नवी परिभाषा सुट्या भागांची आहे. भोवरा शिकावा लागे, बेब्लेड जोडावा लागतो.

हा फरक जाळी आणि रिपकॉर्ड यांच्या तुलनेत अगदी स्पष्ट होतो. दोहोंचे काम एकच, भोवऱ्यास वेग देणे. पण जाळी गुंडाळणाऱ्याच्या हातावर सर्व काही अवलंबून असे. वेढे सैल पडले तर भोवरा आडवा पडे; डावखुरा मुलगा जाळी उलट्या दिशेने चढवी आणि त्याचा भोवरा उलटा फिरे. रिपकॉर्ड म्हणजे दाते असलेली प्लास्टिकची पट्टी. ती लाँचरमधून खेचली की आतील दातेरी चाक ठरलेल्या दिशेने फिरते. मालिकेत नायकाचा ड्रॅगून हा डाव्या दिशेने फिरणारा म्हणून विशेष मानला जातो. तेथे डावेपण हा यंत्राचा गुण आहे, हाताचा नव्हे. या गुणामागील भौतिकशास्त्र मात्र खरे आहे. एकाच दिशेने फिरणारे दोन भोवरे एकमेकांस भिडले की स्पर्शबिंदूशी त्यांच्या कडा परस्परविरुद्ध धावत असतात, म्हणून दोघांनाही जोराचा दणका बसतो. विरुद्ध दिशांनी फिरणारे भोवरे भिडले तर कडा एकाच दिशेने सरकतात, दातेरी चाकांसारख्या एकमेकींत जुळतात आणि एकाचा वेग दुसऱ्यास मिळू शकतो. लाकडी भोवऱ्यांचे रिंगण खेळणाऱ्यास हे अनुभवण्याची संधी कमी, कारण तेथे फिरता भोवरा पडलेल्या भोवऱ्यावर येऊन आदळे. कासवाच्या चालीने डोलणाऱ्या, अक्ष कलंडून शंकूच्या आकारात फिरू लागलेल्या भोवऱ्याची परांचन गती मात्र दोन्ही खेळांत सारखीच दिसते.

साधन बदलले यामागे जागेचाही भाग होता आणि तो भाषेच्या अभ्यासकाने नजरेआड करू नये. आरीस माती लागते. फरशीवर आर घसरते, फरशीचे टवके उडतात आणि वरच्या मजल्यावरून कोणी ना कोणी ओरडतो. गिरगावच्या वाड्यांतील चौक फरसबंद झाले, लालबाग-परळच्या चाळींपुढील मोकळ्या जागा वाहनांनी व्यापल्या. १८ जानेवारी १९८२ पासूनच्या गिरणी-संपानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या आणि पुढे त्यांच्या जमिनींवर मनोरे व बाजारसंकुले उठली. बेब्लेडला अंगण लागत नाही. सज्जा पुरतो, घरातील परातही आखाड्याचे काम देते. बादलीवर कापड ताणून खेळणाऱ्या जपानी मुलांची अडचणही शहरी दाटीचीच होती, हे येथे सहज आठवते. दाट वस्तीतला खेळ दुसऱ्या दाट वस्तीत गेला, त्यात अघटित काही नाही.

पण जागेबरोबर पणही बदलला. रिंगणातील भोवऱ्यास घाव बसत. बेगोम्याच्या डावात भोवराच जाई. बेब्लेडमध्ये जिंकणे-हरणे गुणांनी मोजले जाते आणि हरलेला मुलगा आपले खेळणे, बहुधा अक्षत, घरी नेतो. ‘राज्य’ हा मराठी खेळांतील विलक्षण शब्द या नव्या खेळात अवतरण्यास जागाच उरली नाही. ज्याच्यावर राज्य येते तो राजा नसून सर्वांचा हमाल असतो, हा मराठी मुलांनी भाषेत ठेवलेला एक खोल विनोद होय. तो विनोद होण्यास ज्याने सोसावयाचे असा एक गडी लागतो. दोघांच्या गुणमोजणीच्या झुंजीत तसा गडी नाही. ‘डाव’ आणि ‘भिडू’ हे शब्द मात्र टिकले, कारण ते कोणत्याच एका साधनाला बांधलेले नाहीत.

टिकण्याचे सूत्र हेच दिसते. ज्या शब्दास खेळाबाहेर दुसरे घर आहे तो वाचतो. ‘आर’ चांभाराच्या हत्यारात वाचली. ‘भिंगरी’ पायाला लागून वाचली. सतत प्रवास करणाऱ्याच्या पायाला भिंगरी आहे असे म्हणणाऱ्यांपैकी कितीजणांनी भिंगरी फिरविली आहे? ‘फिरकी’ला शिवाजी पार्कच्या क्रिकेटने आश्रय दिला आणि तिथून ती वर्तमानपत्रांच्या क्रीडापृष्ठावर कायमची वस्तीस गेली. ‘भोवरा’ स्वतः वाचला, पण कोणता? ‘संशयाच्या भोवऱ्यात’, ‘वादाच्या भोवऱ्यात’ असे मथळे रोज दिसतात. तो भोवरा पाण्यातला आहे, बुडविणारा. हातातला, घुमणारा भोवरा मराठी वाक्प्रचारात आता क्वचितच फिरतो. ‘फिरणे’, ‘सोडणे’, ‘मारणे’, ‘भिडणे’ ही क्रियापदे तर नव्या खेळातही जशीच्या तशी चालू राहिली, कारण क्रियापदाला कोणत्याही खोक्यावर छापलेले नाव बाजूस सारू शकत नाही.

‘हातजाळी’ला असे दुसरे घर नव्हते. ती एका हाताची, एका दोरीची, एका क्षणाची होती. लाँचरमधून सुटलेला बेब्लेड तळहातावर झेलण्याचा प्रकार खेळाच्या नियमांत नाही, आणि तो झेलावा अशी त्याची धारही नाही. म्हणून हा शब्द कोणी टाकून दिला नाही. त्याचे कामच संपले. ज्यांना तो ठाऊक आहे त्यांना त्याचा अर्थ विचारला तर ते व्याख्या करीत नाहीत. उजवा हात खांद्याच्या वर नेतात, मनगटाला हिसका देतात आणि मोकळा तळहात पुढे करतात.

‘बेब्लेड’चे नवनवे अवतार इ. स. २००९, २०१६ आणि २०२३ मध्ये येत गेले आणि प्रत्येक अवतारात अवयवांची नावे बदलली. २००५ सुमाराच्या मुलाची परिभाषा आजच्या मुलास अर्धीच कळेल. लाकडी भोवराही अजून विकत मिळतो. अखिल भारतीय बाजारपेठेत त्याचे नाव बहुधा ‘लट्टू’ असते, आणि सोबत गुंडाळून दिलेल्या जाळीस दोरी म्हणतात.